एक एप्रिलची ट्राम

तो ओरखडा पाहिला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. दादरच्या वाचनालयाचा हॉल, सकाळचे अकरा, जुन्या ट्रामचं अर्धवट लावलेलं प्रदर्शन, आणि माझी नात आकांक्षा स्टुलावर चढून एक भलामोठा फोटो भिंतीला टांगत मला विचारत होती, आजोबा, डावीकडे उतरलाय का? मी म्हणालो, बरोबर आहे. खरं म्हणजे फोटो सरळ आहे की तिरका हे मी बघतच नव्हतो. फोटोत लालबागचा नाका होता. मधोमध एक ट्राम उभी, तिच्याभोवती शेपन्नास माणसं, काही टोप्या, काही उघडी डोकी, सगळ्यांच्या माना वर, आणि वर आभाळात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेलेली एक पांढरी रेघ. ती रेघ मी घरच्या माणसासारखी ओळखली. मुंबईतली शेवटची ट्राम लालबागवरून गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खांद्यावर बसून ती पाहत होतो. नाक्यावर निरोपाला गर्दी लोटली होती आणि आभाळात अशीच एक पांढरी रेघ चमकली होती. तारेतून उडालेली ठिणगी, असं मी साठेक वर्षं लोकांना सांगत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, पोस्टात डबा खाताना सांगितलंय, निवृत्तीच्या निरोप समारंभात तर टाळ्या घेतल्यात. आकांक्षाने फडक्याने फोटो पुसला आणि सहज म्हणाली, "ही रेघ जाणार नाही हं आजोबा. मूळ निगेटिव्हच्या काचेवरच ओरखडा आहे."

खाली तिने सुबक अक्षरात चिठ्ठी लावली होती. लालबाग, १९५५. ट्रामचा दांडा तारेवरून सुटल्यामुळे खोळंबलेली वाहतूक आणि बघ्यांची गर्दी. मी चिठ्ठी दोनदा वाचली. माझा जन्म एकोणसाठचा. म्हणजे मला जे आठवत होतं ते माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी घडलं होतं, आणि ती माणसं निरोप द्यायला जमलीच नव्हती. ट्रामच्या टपावर एक लांब दांडा असायचा, तो वरच्या विजेच्या तारेला टेकलेला. तो निसटला की गाडी थांबायची, कंडक्टर खाली उतरून दोरीने त्याला पुन्हा तारेवर बसवायचा, आणि मुंबईकराला फुकटात बघायला मिळालं की तो काय वाटेल ते बघतो. पुढच्या फळीवर आणखी एक चिठ्ठी होती, शेवटची ट्राम एकतीस मार्च चौसष्टला रात्री दहाच्या सुमारास बोरीबंदरहून दादरला निघाली. रात्री. माझ्या आठवणीत तर लख्ख ऊन होतं. मी छत्तीस वर्षं पोस्टात पत्रं निवडली. पाकीट हातात आलं की आधी शिक्का बघायचा, कुठलं, कधीचं. हजारो लोकांचे शिक्के वाचले आणि स्वतःच्या आठवणीचा शिक्का एकदाही उलटून पाहिला नाही. मला हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही.

टिकलं नाही याचं कारण सांगितलं पाहिजे. आबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमच्या खोलीत फोटो दोनच, एक बुद्धाचा, एक बाबासाहेबांचा. आबांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. आवाज आठवत नाही, चेहरा आठवत नाही. माझ्याकडे आबांचं एवढंच होतं: त्यांच्या खांद्यावरून दिसलेला लालबागचा नाका, ट्राम, ऊन, आणि माझ्या दोन्ही मुठींत धरलेले त्यांचे केस. त्या केसांत मिलचा कापूस अडकलेला असायचा, पांढरा तूस, नाकाशी गेला की शिंक यायची. आता ट्राम गेली, गर्दी गेली, रेघ गेली. उरलेले आबा तरी माझे कशावरून? कुणाच्या तरी फोटोवर मी माझे वडील चिकटवून ठेवले असले तर?

त्यात आकांक्षाने घोळ घालून ठेवला होता. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे एकतीस मार्चला, शेवटच्या ट्रामचे प्रवासी आणि साक्षीदार यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. तिने चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला होता आणि त्रेचाळीस म्हातारे पुढे आले होते. गिरगावचे दत्ताराम म्हणून एक गृहस्थ, ते शेवटच्या ट्रामने गिरगावात उतरले म्हणे, आता ती गाडी बोरीबंदरहून दादरला गेली तर मध्ये गिरगाव कुठून आलं हे त्यांना कोण विचारणार. परळच्या कमलाबाई सासूबरोबर बसल्या होत्या आणि बाहेर पाऊस पडत होता, मार्चमध्ये. अर्ध्यांची ट्राम दोनमजली होती, अर्ध्यांची एकमजली. या सगळ्यांना घ्यायचं तर ती ट्राम बोरीबंदरला एक टोक आणि दादरला दुसरं टोक अशी नुसती उभीच राहिली असती. मी या लोकांना मनसोक्त हसलो होतो, कारण माझी आठवण खरी होती. आणि त्यांच्या वतीने भाषण करणार होते श्री. जयवंत, निवृत्त पोस्ट कर्मचारी, म्हणजे मीच. मी आकांक्षाला म्हटलं, जरा चालून येतो. ती म्हणाली, उन्हात कुठे जाताय, पण तोवर मी जिना उतरलो होतो.

आंबेडकर रोडने चालत राहिलो. वर पूल, पुलाखाली सावली, आणि सावलीत इतके स्कूटरवाले की ऊन पत्करावं. हिंदमाता ओलांडलं आणि उत्तर आपणहून सुचलं. राजारामचं सलून. लालबागच्या नाक्यावर, आमच्या चाळीच्या तोंडाशी, राजारामचं केस कापायचं दुकान होतं. दर महिन्याला आक्का मला तिथे नेऊन बसवायची. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकायची, त्या फळीवर मी, गळ्याभोवती चादर आवळलेली. राजाराम म्हणायचा, मान खाली. मान खाली घातली की डोळेच वर करायचे उरतात, आणि वर आरशाच्या डोक्यावर, फ्रेममध्ये, काय होतं? ट्राम होती. हाच फोटो, हीच रेघ. दुकानावरच्या गॅलरीतून कुणीतरी काढला असणार, म्हणून तर सगळं उंचावरून दिसतं. सहाव्या वर्षापासून मिसरूड फुटेपर्यंत दर महिन्याला पाऊण तास मी त्या ट्रामकडे बघत बसलो होतो, कानामागे थंड वस्तरा आणि नाकात पावडरचा वास घेऊन. एवढ्यात माणूस पाढे पाठ करतो, मी आठवण पाठ केली. सापडलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. पोस्टात नाव-पत्ता धड नसलेल्या पत्राचा मालक शोधून काढला की आम्ही चहा मागवायचो. इथे मालक सापडला होता आणि पत्र माझं नव्हतं. परळच्या सिग्नलला मी हिरवा दिवा दोनदा जाऊ दिला. बाजूच्या पोराने, काका येताय ना, असं म्हणून हात धरला तेव्हा रस्ता ओलांडला.

मग मी स्वतःशीच उलटतपासणी सुरू केली. तूस फोटोत नाही, बरोबर? फोटोला वास नसतो, शिंक येत नाही. म्हणजे निदान तूस माझा. पण आमच्या चाळीतल्या कुठल्या माणसाच्या केसांत तूस नव्हता? संध्याकाळची पाळी सुटली की जिन्यावरून म्हातारीच्या कापसासारखी डोकी वर यायची. शेजारच्या कुणी मला उचलून घेतलं असेल, मामाने घेतलं असेल. मग खांदा तरी कुणाचा? असा विचार करत गेलं की माणूस स्वतःच्या नावापर्यंत पोचतो आणि तेही कुणी ठेवलं म्हणून विचारतो. यावर एकच इलाज होता आणि तो काळाचौकीला, नव्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर राहत होता.

माझी बहीण रखमा, मी तिला आक्का म्हणतो, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आबा गेले त्या वर्षी तिने सातवीतून शाळा सोडली आणि पुढे एका इस्पितळात आया म्हणून लागली. मी पोस्टाच्या परीक्षेला बसलो तो तिच्या जिवावर. ती कमी बोलते आणि विचारलं तेवढंच सांगते. इस्पितळात राहून ती सवय लागली असं ती म्हणते, पण मला वाटतं ती जन्मतःच तशी असावी. दार उघडून तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाण्याचा तांब्या दिला, पंखा पाचवर केला आणि मटकी निवडत बसली. मी सगळं सांगितलं. ओरखडा, पंचावन्न साल, राजारामचं सलून. शेवटी विचारलं, आक्का, खरं सांग, शेवटच्या ट्रामला आबांनी मला खांद्यावर घेतलं होतं का?

"नाय," ती म्हणाली. मटकीतला खडा उचलून तिने बाजूला ठेवला. "शेवटच्या ट्रामला आबा नव्हतेच. तू पण नव्हतास."

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं. मी तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. आक्काने माझ्याकडे बघितलं असावं, कारण यानंतर ती न विचारता बोलली, आणि आमच्या घरात ही गोष्ट फारशी घडत नाही. आबा मिलमध्ये कायम नव्हते, बदली होते. मला हे माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. बदली कामगाराने रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कुणाचा खाडा पडला असेल, कुणी आलं नसेल, तर मुकादम त्याच्या जागेवर बोलावणार, नाहीतर कार्ड खिशात घालून घरी. आबांनी मला कबूल केलं होतं की एकतीस तारखेला शेवटच्या ट्रामने दादरपर्यंत नेईन. त्या दिवशी दुपारी ते सवयीने गेटवर गेले. आठवडाभर काम नव्हतं, आजही नसेल असं धरून गेले, आणि नेमकं नाव पुकारलं. नाही म्हणावं तर पुढे महिनाभर मुकादम बघणार नाही. सगळी चाळ रात्री नाक्यावर गेली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून जिन्याच्या पायरीवर बसलो, कुणाबरोबर जायला तयार नाही, आबा येणार म्हणून. तिथेच झोपलो. आबा पाळी सुटून आले तेव्हा ट्राम दादरला पोचून संपली होती.

"सकाळी तू असा रडलास," आक्का म्हणाली, "असा रडलास, की खालच्या मजल्यावरून माणसं विचारायला आली. आई म्हणाली, एक चापटी देते. आबा म्हणाले, थांब. बाहेर गेले, परत आले आणि तुला म्हणाले, चल, ट्राम आलीय. तू म्हणालास, बंद झाली ना? तर म्हणाले, हो, आज ट्रामचा खाडा आहे. मी बदलीवर."

आक्का मटकी निवडता निवडता सांगत होती, बाजारातली हकीकत सांगावी तसं. लालबागच्या नाक्यावर आबांनी मला खांद्यावर घेतलं आणि रस्त्यात रूळ होते त्यांच्या बरोबर मधून चालायला लागले. रूळ अजून उखडले नव्हते, आदल्या रात्रीपर्यंत गाड्या गेलेल्या, चकचकीत होते. एका हाताने माझा पाय धरलेला, दुसरा हात सरळ वर, तो दांडा. हात जरा खाली आला की आबा थांबायचे, वीज गेली म्हणायचे, पुन्हा वर केला की चालू. मागून टॅक्सीवाले भोंगे मारत होते, आबा बाजूला होईनात, ट्राम रूळ सोडून जात नाही म्हणाले. स्टॉपवर थांबत थांबत परळपर्यंत नेलं. डोक्यात आदल्या पाळीचा तूस तसाच, आणि तू शिंकत होतास, आक्का म्हणाली. लोक गॅलरीतून वाकून बघत होते, एकजण ओरडला, अहो एप्रिल फूल. परळला पोचल्यावर आबा वळले नाहीत. ट्रामला तोंड दोन्ही बाजूंना असतं, ती वळत नाही. वरचा दांडा फिरवायचा आणि आली तशी परत निघायचं. म्हणून आबा उलटे चालत निघाले, उलटे, लालबागपर्यंत. मी हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्हीचं कारण एकच होतं. ऊन खरं होतं. उंची खरी होती. शिंक खरी होती. माझी ट्राम तेवढी राजारामच्या आरशावरच्या फोटोतली होती, कारण ज्याच्यावर मी बसलो होतो तो मला दिसणारच नव्हता. ट्राम कशी असते हे मला कुणी विचारलं असेल, आणि मी मान खाली घालून डोळे वर करून सांगितलं असेल.

हे मला आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. आक्का म्हणाली, तू ठिणगी सांगायचास तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे, मी कशाला मध्ये बोलू? नंतर तिने जेवून जा म्हटलं. मी जेवलो, दोन भाकऱ्या जास्तच. संध्याकाळी घरी जाताना लालबागच्या नाक्यावर उभा राहिलो आणि एक हात वर करून पाहिला. फार वेळ ठेवता येत नाही, खांदा भरून येतो. लालबागपासून परळ आणि परळपासून लालबाग त्यांनी ठेवला होता, आणि आदल्या रात्रीपर्यंत पाळी करून ठेवला होता. मसाल्याच्या दुकानातला माणूस, काय पाहिजे, असं विचारत पुढे आला, तेव्हा मी हात खाली घेतला आणि उगाच पाव किलो मालवणी मसाला घेतला.

एकतीस मार्चला हॉल भरला. आकांक्षाने अबोली रंगाची साडी नेसली होती आणि ती सारखी पदर सावरत सगळ्यांना खुर्च्या दाखवत होती. त्रेचाळीसपैकी एकतीस आले होते. बाकीच्यांना मुलांनी उन्हात पाठवलं नव्हतं. पहिल्या रांगेत दत्ताराम आणि कमलाबाई यांच्यात शेवटच्या ट्रामला गुलाल उधळला की फुलं यावर वाद पेटला होता. आक्का मागच्या बाजूला, दाराजवळ, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी सकाळीच आकांक्षाला सांगून टाकलं होतं, माझी ठिणगी तुझा ओरखडा आहे. मला वाटलं होतं ती नाराज होईल. ती उलट माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, बोला तुम्ही, काय बोलायचं ते. माझं नाव पुकारलं, मी माइकपाशी गेलो. भाषण लिहून नेलं होतं, काढलं नाही.

मी म्हणालो, शेवटच्या ट्राममध्ये मी नव्हतो. समोरच्या रांगेत चुळबूळ झाली. मी म्हणालो, मी तिच्या नंतरच्या ट्राममध्ये होतो. एक एप्रिल एकोणीसशे चौसष्ट, सकाळी, लालबाग ते परळ. दत्ताराम शेजाऱ्याला म्हणाले, अशी एक जादा गाडी सोडली होती, मला माहीत आहे. मग मी आबांचं सांगितलं. बदलीचं कार्ड, गेट, जिन्याची पायरी, वर धरलेला हात. हॉलमध्ये गिरणीत आयुष्य गेलेली पुष्कळ माणसं होती. खाडा हा शब्द आला तेव्हा त्यांना पुढचं समजलं, माझ्या सांगण्याच्या आधी समजलं, आणि एका म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. उलटं चालण्यापाशी सगळे हसले. माझे वडील कसे दिसायचे हे मला आजही सांगता येत नाही, मी म्हणालो, पण ते चालायचे कसे हे मला माहीत आहे. आणि शेवटी, टाळ्यांसाठीच, थोडा आवाज चढवून म्हणालो की मुंबईच्या इतिहासातली ती एकच ट्राम अशी होती जिच्यात एक ड्रायव्हर, एक प्रवासी, आणि तिसरं कुणी नव्हतं.

"तिसरं कुणी नव्हतं?"

मागून आवाज आला. आक्का उभी राहिली होती. पिशवी खुर्चीवर ठेवली होती तिने. सभेत उभं राहून बोलणं तिने आयुष्यात केलं नव्हतं, म्हणून ती माझ्याशीच बोलली, घरात बोलावं तशी, फक्त मोठ्याने.

"परळला दांडा कोणी फिरवला, जया? आबा उलटे चालत होते तेव्हा मागचं कोण बघत होतं? अकरा वर्षांची होते मी. फुलपात्र आणि चमचा घेऊन मागून चालत होते, सबंध रस्ता, अनवाणी. एक टोला मारला की गाडी थांबायची, दोन मारले की सुटायची. बिनकंडक्टरची ट्राम कधी बघितलीस?"

मी म्हणालो, आक्का, परवा तू हे सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तू आबांचं विचारलंस, मी आबांचं सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. साठ वर्षांत मी त्या रस्त्यावर गर्दी बसवली होती, ठिणगी बसवली होती, एका परक्या फोटोतली शेपन्नास अनोळखी माणसं बसवली होती, आणि जी माझ्या पाठीमागून चालत आली, त्या दिवशीही आणि त्यानंतरही, शाळा सोडून, तिला उभं राहायला जागा ठेवली नव्हती. भाषणाआधी आकांक्षाने माझ्या खांद्यावर घातलेली शाल मी काढली. माझ्या तोंडून जे निघालं ते ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, कंडक्टरबाई, वर या.

आक्का यायला निघाली. पण तोवर सत्काराचे म्हातारे आपली पाळी आली असं समजून उठले होते, आणि स्टेजच्या तीन पायऱ्यांवर काठ्या, पिशव्या, चपला यांची अशी कोंडी झाली की कुणाला वर जाता येईना की खाली उतरता येईना. दत्ताराम कमलाबाईंना, आधी तुम्ही, म्हणत होते आणि स्वतः हलत नव्हते. आकांक्षा मधे शिरून सगळ्यांना सांगत होती, प्लीज, प्लीज, आणि कुणी ऐकत नव्हतं. आक्का पायरीपाशी आली, कमरेवर हात ठेवून तिने हा सगळा प्रकार पाहिला, आणि म्हणाली, "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या."

एकतीसच्या एकतीस म्हातारे मुकाट्याने बाजूला झाले.